गाडी कुठं फिरली ते आधी विचार

बेटा,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, तीन लाखांत घरच्यासाठी धड गाडी येईल का?" मी "येईल" म्हणालो आणि फोन ठेवला. पुढचं बोलणं फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. राजुऱ्याच्या डेपोत २८ वर्षं एसटीच्या गाड्यांखाली झोपून काढली, आणि निवृत्त झाल्यापासून सोयऱ्याधायऱ्यांसोबत जुन्या गाड्या पाहायला जाणं सुरूच आहे. त्यातून जे हाती लागलं ते तुला लिहून देतो. जावईबापूंनाही वाचायला दे.

बाकीचं विसरलीस तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेव. लोक विचारतात कोणतं मॉडेल घेऊ, मीटर किती झालं, ॲव्हरेज काय देते. तू आधी विचार की ही गाडी आजवर कुठं फिरली आणि कोणाच्या हाती फिरली. एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन वॅगन-आर मी एका दिवशी पाहिल्या होत्या. एक वरोऱ्याच्या मास्तरांची, शाळा ते घर आणि सुट्टीत नागपूर. दुसरी आपल्याच पट्ट्यातली, तीन पाळ्यांत तीन ड्रायव्हरांनी चालवलेली. पहिलीचं इंजिन चालू आहे की बंद, हे कळायला कान लावावा लागायचा. दुसरीचं रिंग-पिस्टनला आलेलं. मीटर मात्र दुसरीचंच कमी दाखवत होतं.

आपला कोरपना-गडचांदूरचा पट्टा चुनखडीचा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा, जिकडं पाहावं तिकडं सिमेंटचे कारखाने. अलीकडं राजुऱ्याला सास्ती-पोवनीच्या कोळसा खाणी, पलीकडं वणी आणि घुग्घुस. इथं विकायला येणाऱ्या दहा गाड्यांतल्या निम्म्यांनी तरी ही धूळ खाल्लेली असते. आणि सिमेंटची धूळ शेतातल्या धुळीसारखी नसते. शेतातली धूळ पाण्यानं निघून जाते, सिमेंटला पाणी लागलं की ते आवळतं. हिवाळ्यात रात्री दव पडतं, टपावर बसलेली भुकटी त्यात भिजते आणि सकाळच्या उन्हात दाणा धरते. वरून पॉलिश मारलं तर डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतं. म्हणून टपावरून तळहात फिरव. गुळगुळीत लागलं तर ठीक, रेतीच्या कागदासारखं खरखरलं तर गाडी वर्षानुवर्षं कारखान्याच्या वाऱ्याला उघड्यावर उभी होती असं समज.

नुसता रंग खराब असेल तर मी गाडी सोडायला सांगत नाही, रंगानं गाडी बंद पडत नाही. पण हीच धूळ आत कुठं कुठं गेली ते पाहावं लागतं. बोनेट उघडलं की समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली एक जाळीदार पट्टी असते. तिच्या फटीत बोट घाल. तिथं थर दगडासारखा घट्ट झाला असेल तर पावसाचं पाणी निघून जायची वाट बुजलेली असते आणि ते पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. मग दारं उघडून त्यांच्या खालच्या कडेची बारकी भोकं पाहा. ती बुजली की दारात पाणी साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंगाचा फुगा दिसतो तोवर आत जाळी झालेली असते. शेवटी समोरच्या जाळीतून टॉर्च मार. आधी एसीचा कंडेन्सर दिसेल, त्याच्या मागं रेडिएटर. त्यांचे पत्र्याचे बारीक पापुद्रे राखाडी लेपानं बुजले असतील तर ती गाडी सपाटीवर बरी चालेल आणि माणिकगडच्या घाटात तापेल. तुला तर रोज घाट चढून जिवतीकडं शाळेत जायचं आहे.

कंपनीत लावलेल्या गाडीबद्दल वेगळं सांगतो, कारण बोलेरो स्वस्तात मिळते म्हणून जावईबापूंचं मन तिकडं ओढ घेतंय असं ऐकलं. बोलेरो गाडी वाईट नाही. २००० सालापासून आपल्या रस्त्यांवर आहे आणि कोणत्याही गावच्या मिस्तरीला ती खोलता येते. पण खाणीत किंवा कारखान्यात ठेक्यावर फिरलेली बोलेरो घरच्यासाठी घेऊ नये. अशा गाडीला विश्रांती नसते. पाळी बदलते तसा ड्रायव्हर बदलतो, गिअर कोण कसा टाकतो याचं कोणालाच काही वाटत नाही. विकताना तिला रंग मारतात, सीट कव्हर बदलतात, मीटर मागं घेतात, आणि पिवळ्या पाटीची असेल तर पांढरी करून घेतात. पाटी बदलणं कायद्यानं होतं, त्यात गैर काही नाही, पण आधी ती भाड्याची होती हे तुला सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर गाडीच सांगते. खाणीत शिरणाऱ्या गाडीला झेंडीचा दांडा आणि टपावर फिरता दिवा लावतात. ते काढले की बंपरवर, टपावर स्क्रूची भोकं राहतात आणि ती पोटीन भरून बुजवलेली असतात. डॅशबोर्डखाली जीपीएसच्या तुटक्या वायरी लोंबत असतात. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूनं झिजून लोखंड दिसायला लागलेलं असतं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली असते, स्टिअरिंग दहा-दोनच्या जागी तुळतुळीत झालेलं असतं. मीटर ४८ हजार म्हणतं आणि पेडल दोन लाख म्हणतं, तर पेडलवर विश्वास ठेव.

किलोमीटर तपासायची याहून पक्की वाट म्हणजे सर्व्हिसची नोंद. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात असेल तर तारखेनिशी किलोमीटर तिथं लिहिलेले असतात. मालकाला सोबत घेऊन जा आणि नोंद मागून घे. प्रामाणिक मालक कुरकुर करत नाही. टायरही बोलतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. गाडी २०१९ची, मीटरवर २० हजार आणि चारही टायर मागच्या वर्षीचे, तर पहिले टायर २० हजारांतच कसे संपले ते विचार. उलट बाजूही आहे. पाच-सहा वर्षं झाकून ठेवलेली, १२ हजार चाललेली गाडी पाहून लोक हुरळतात. उभ्या गाडीची बॅटरी मरते, टायर कडक होऊन भेगाळतात, वायरी उंदीर कुरतडतात, ब्रेक धरून बसतात. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर नेमानं चाललेली गाडी मला तिच्याहून बरी वाटते.

आता पुराच्या गाडीचं. हे लिहायला मला जड जातं. २०२२च्या जुलैत वर्धा नदीला पूर आला, राजुरा-बल्लारपूरचा पूल पाण्याखाली गेला, कितीतरी घरांत पाणी शिरलं ते तुलाही आठवत असेल. त्याच वर्षी दिवाळीनंतर माझ्या साडूनं एक गाडी पाहिली आणि मला सोबत नेलं. पांढरी शुभ्र गाडी, नवे सीट कव्हर, आत चंदनाचा वास. मी इंजिन ऐकलं, चालवून पाहिली, खालून चेसी पाहिली आणि "घेऊन टाका" म्हणालो. जानेवारीत तिच्या काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग हॉर्न आपोआप वाजू लागला. एका रात्री वणीहून येताना चालत्या गाडीत सगळे दिवे गेले, पोरं मागं बसलेली. दुसऱ्या दिवशी मी तिचं कार्पेट उपसलं. खालचा फोम काळा पडून कुजलेला, त्याच्या खाली नदीचा गाळ, हळदीसारखा बारीक, आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज चढलेला. पैसे साडूचे गेले, पण शब्द माझा होता. मी कार्पेट उचललं नव्हतं.

तेव्हापासून मी इंजिनाच्या आधी कार्पेट उचलतो. तूही उचल. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी थोडी ओढली की कडेचं कार्पेट सुटतं. फोम ओला आहे का, खाली गाळ आहे का, सीट ज्या लोखंडी रुळावर सरकते त्याच्या बोल्टांना गंज आहे का ते पाहा. मागं स्टेपनी उचलून तिच्या खोलगट जागेत बोट फिरव. मग सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढ, शेवटपर्यंत. गाडी धुणारा सीट धुतो, मॅट धुतो, पण आत गुंडाळलेला बेल्ट सहसा कोणी धूत नाही. पाणी जिथवर चढलं तिथं पट्ट्यावर मातकट रेघ राहते. आणि गाडीत फार सुगंध मारला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसून राहा. कुबट वास वर येतोच. पुराची गाडी अर्ध्या किमतीत मिळाली तरी घेऊ नको. इंजिन दुरुस्त होतं, भिजलेलं वायरिंग कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

इंजिन पाहायचं ते थंड असताना. मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर त्यानं तापवून ठेवली, म्हणजे सकाळी ती सहज उठत नसावी. अशा वेळी चहा घे, निघून जा, दुसऱ्या दिवशी न सांगता ये. थंड असेल तर ऑइलचं झाकण काढून आतली बाजू पाहा. दुधावरच्या सायीसारखा पांढरा लगदा दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याचा संशय धरायचा. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं, गरम असताना चुकूनही नाही, हात भाजून निघतो. आत कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी रंग दिसला पाहिजे. गंजाचं तांबूस पाणी असेल तर मालकानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं आहे.

मग जावईबापूंना गाडी चालू करायला सांग आणि तू मागं सायलेंसरपाशी उभी राहा. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ निघून विरून गेली तर भिऊ नको. निळसर धूर निघत राहिला तर इंजिन ऑइल खातं. दाट पांढरा धूर थांबेचना तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केटपर्यंत खर्च जाईल. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून पाहा. फसफसून हवा आणि धूर बाहेर आला तर रिंगा गेल्या.

चालवताना टेप बंद ठेवायचा. विकणारे हटकून गाणी लावतात. काचा वर, एसी बंद, आणि ऐकायचं. खड्ड्यात खडखड झाली तर बुश किंवा शॉकप. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरव, कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जोड गेला. ६०च्या वेगात, रस्ता मोकळा पाहून, हात क्षणभर सैल सोड. गाडी एका बाजूला ओढते का? नंतर एसी लाव आणि पंधरा मिनिटं चालू ठेव. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांच्या पुढं जातो. दोन लेकरं आणि सासूबाई मागं बसणार असतील तर आपल्याकडं एसी चैनीत मोजू नये. क्लचसाठी मी घाटच वापरतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाब. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तेवढी पळत नाही, तर क्लच प्लेट संपली. लहान गाडीची प्लेट बदलणं परवडतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घे.

कोणती घ्यायची, हे तू विचारणारच. तुझं रोजचं जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा चंद्रपूरचा दवाखाना, एवढ्यासाठी पेट्रोलची लहान गाडी घे. वॅगन-आर, ऑल्टो के-१०, स्विफ्ट, जमलं तर सँट्रो किंवा आय-१०. यांचे सुटे भाग गडचांदूरला मिळतात, निदान राजुऱ्याला तरी मिळतात, आणि मिस्तरीला शिकवावं लागत नाही. डिझेल स्वस्त पडतं असं गावात अजून म्हणतात. पण जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला तर वर्षभराची बचत एका बिलात जाते, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत चोंदतो. दिवसाला शंभर किलोमीटर चालवणाऱ्यानं डिझेल घ्यावं. शेव्हरोले २०१७ साली इथली विक्री थांबवून गेली, फोर्डनं २०२१मध्ये कारखाने बंद करायचं ठरवलं, डॅटसन २०२२मध्ये थांबली. या गाड्या स्वस्त मिळतात आणि काही खरंच मजबूत आहेत. पण कोरपन्यात बंद पडली तर एका भागासाठी नागपूरची वाट पाहत बसावं लागतं. शहरात राहणाऱ्यानं घ्यावी, तू नको.

वर्ष निवडताना एक तारीख ध्यानात ठेव. १ जुलै २०१९पासून प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि एबीएस ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून. ओल्या घाटात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन गाडी घसरू नये याच्यासाठी एबीएस. म्हणून २०१४ची मोठी, ऐटदार गाडी आणि २०१९ची लहान गाडी एकाच किमतीत आल्या तर लहान घे. लोकांना दारात मोठी गाडी दिसावी असं वाटतं हे मला कळतं. पण तुझी पोरं त्यात बसणार आहेत.

एअरबॅग खरोखर आहे का, हे पाहायची खूण सोपी आहे. चावी फिरवली की, इंजिन सुरू व्हायच्या आधी, डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो विझलाच नाही तर बिघाड आहे. आणि तो लागलाच नाही तर जास्त सावध हो. अपघातात एअरबॅग फुटली, नवी बसवली नाही आणि दिव्याची वायर कापून टाकली, असे प्रकार मी पाहिले आहेत. होंडाच्या काही जुन्या गाड्यांच्या एअरबॅगमध्ये टकाटा कंपनीचा सदोष भाग होता, तो फुकट बदलून देण्यासाठी होंडानं गाड्या परत बोलावल्या होत्या. जुनी होंडा घेणार असशील तर चेसी नंबर देऊन तो बदलला आहे का ते विचारून घे.

ठोकलेली गाडी ओळखायला फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात ने, रंगावर ओरखडा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळून. जिथं पत्र्यावर ते धरत नाही तिथं खाली पोटीन आहे. बोनेटच्या आणि दाराच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग खरचटला असेल तर ते पान्यानं कधीतरी उघडलेले आहेत. सगळ्या काचांवर कोपऱ्यात कंपनीची खूण असते, एखादीच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचार. बंपर, दार, फेंडर बदललेलं चालतं. आपल्याकडं ट्रकांच्या गर्दीत एवढं होतंच. पण दारांमधल्या खांबाला किंवा इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना वेल्डिंग दिसलं तर तिथूनच परत फीर.

कागदांच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. आरसीवरचा चेसी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः जुळव, बोटानं एकेक अक्षर. परिवहन विभागाच्या ॲपवर गाडी नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्ज आहे का ते दिसतं. ई-चलान थकलेलं आहे का तेही पाहा, नाहीतर दुसऱ्याचा दंड तुझ्या नावावर अडकून पडतो. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नको. त्याला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा, असा नियम आहे.

"नाव नंतर करू" हे शब्द ऐकले की उठून ये. मी स्वतः पूर्वी माझी मारुती ८०० विकली तेव्हा सहीचे फॉर्म दिले आणि निर्धास्त झालो. घेणाऱ्यानं नाव बदललंच नाही, पुढं दुसऱ्याला विकली. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या अपघाताची नोटीस माझ्या दारात आली. ज्या गाडीला मी दोन वर्षं हात लावला नव्हता तिच्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढलो. फेब्रुवारी २०१८मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, कायद्यानं मालक तोच, भरपाईची जबाबदारीही त्याचीच. विकणाऱ्यालाही हे समजावून सांग, म्हणजे तोच नाव बदलायची घाई करेल. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. विकणाऱ्याची नो-क्लेमची सूट त्याच्याकडंच राहते, गाडीसोबत येत नाही, म्हणून तुझा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल.

तेलंगणातली गाडी दारात आली तर मोहात पडू नको. आदिलाबाद, आसिफाबाद आपल्याला नागपूरपेक्षा जवळ. किंमतही कमी सांगतात. पण तिकडच्या आरटीओचं फॉर्म २८चं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, इथं फेरनोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. गाडी जुनी तसा तो कमी होतो, पण माफ होत नाही. जिवतीकडच्या सीमेवरच्या १४ गावांत दोन्ही राज्यांची रेशनकार्डं चालतात म्हणून गाडीचंही चालेल असं तिथं काही जण सांगतील. गाडीला एकच राज्य असतं, आणि बारा महिन्यांहून जास्त काळ इथं ठेवली तर इथली नोंदणी घ्यावीच लागते. पाटीवर एपी ०१ दिसलं तर ती जून २०१४च्या आधीची, तेलंगण वेगळं व्हायच्या आधीची गाडी आहे. अशा गाडीची पंधरा वर्षं भरत आलेली असतात. नंतर फिटनेस काढून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं, पण एप्रिल २०२२पासून कारची ती फी ६०० वरून ५,००० झाली आणि वर पर्यावरण कर आहेच.

पैशाचं गणित असं मांड. तीन लाख आहेत तर दोन लाख चाळीसपर्यंतचीच गाडी पाहायची. उरलेल्या साठ हजारांना हात लावायचा नाही. नाव बदलणं, विमा, चार टायर, बॅटरी, आणि घेतल्या घेतल्या ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर, ब्रेकचे लायनर. सिमेंटच्या धुळीची गाडी असेल तर रेडिएटर उतरवून साफ करणंही त्यातच. जुनी गाडी घेऊन पस्तावणाऱ्यांतले कितीतरी जण तीनच्या तीन लाख पहिल्याच दिवशी देऊन बसलेले असतात, आणि मग पहिल्या पंक्चरला उधारी. पैसे बँकेतून दे, बयाण्याची पावती घे, पावतीवर गाडी नंबर, ठरलेली रक्कम आणि नाव बदलून देण्याची तारीख लिहून घे.

भाव करताना आणखी एक हत्यार हाती ठेव. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या उतरल्या. त्याआधीच्या किमती डोक्यात धरून बसलेल्या मालकाला नव्या गाडीची आजची किंमत फोनवर दाखव आणि मग आकडा बोल.

आणि घाई करू नको. कापसाचा चुकारा हाती आला की डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सगळेच गाडी पाहायला निघतात, तेव्हा विकणारा ताठ असतो. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, आणि गळती, वायपर, काचांची रबरं सगळं आपोआप तपासून होतं. पितृपक्षात तर गाडी कोणी घेतच नाही, म्हणून तेव्हा भाव उतरतो. तुझी काकू त्याला तयार होणार नाही, सासूबाईही नाहीत. त्यांचं मन मोडू नको. गाडी पितृपक्षात ठरव, कागद घटस्थापनेला कर आणि त्याच दिवशी घरी आण.

मी दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. एक गडचांदूरला, एक राजुऱ्याला, दोन्ही वॅगन-आर. राजुऱ्याची २०१९ची, ऑगस्टमधली नोंदणी, एकच मालक, नोकरीतून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं दोघंही या. गाडीखाली वाकायचं आहे, तेव्हा जुने कपडे घालून या. टॉर्च आणि चुंबक माझ्याकडं आहे. मालकांना सांगून ठेवलं आहे, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका.

तुझा काका